बर्फाच्या कारखान्यातलं कलादालन

आमच्या बिर नखला गावात समकालीन कलेचं एक प्रदर्शनघर आहे आणि त्याचा पहिला संचालक मी. हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना ऐकवलंय, की ते कानावर पडलं की माझी बायको नेजिया उठून स्वयंपाकघरात जाते. म्हणून ते एकदाच सांगून टाकतो.

मी मूळचा बर्फवाला. ट्युनिशियाच्या केर्केना बेटांवर मासेमारीवाचून दुसरा धंदा नाही आणि मासळीला बर्फ लागतो, म्हणून सरकारने आमच्या धक्क्यावर बर्फाचा कारखाना काढला होता. तिथे मी पंचवीस वर्षं व्यवस्थापक होतो. हाताखाली दोन माणसं, एक कुरकुरणारं यंत्र आणि लाद्या ठेवायची जाड भिंतींची एक थंड खोली. पुढे मोठ्या होड्या थेट स्फॅक्सच्या बंदरातून बर्फ उचलायला लागल्या, आमचं यंत्र बिघडलं, ते दुरुस्त करायला कोणी फिरकलं नाही आणि २००७ साली कारखाना बंद पडला. म्हणजे बर्फ बंद पडला, मी चालूच होतो. मला काढायचं की दुसरीकडे पाठवायचं, याचा कागद कुठल्यातरी टेबलावर अडकून बसला होता. तो येईपर्यंत मी रोज सकाळी आठ वाजता कुलूप काढायचो, खुर्चीत बसायचो आणि दोन वाजता कुलूप लावून जेवायला घरी यायचो. अशी पाच वर्षं मी बर्फ नसलेल्या बर्फाच्या कारखान्याची व्यवस्था पाहिली. खोटं कशाला बोलू, ते काम मला फार चांगलं जमत होतं.

मग दालेंदा आली. ही आमच्या दिवंगत हेडमास्तरांची मुलगी. चित्रकला शिकायला मार्सेलिसला गेली आणि तिकडेच राहिली. वडील वारले तेव्हा चाळिसाव्या दिवसाच्या विधीला म्हणून आली ती परत गेलीच नाही. क्रांती होऊन वर्ष झालं होतं. नगरपालिकेत साहेब कोण, हे दर दोन महिन्यांनी बदलायचं, त्यामुळे मागेल त्याला मागेल ते मिळायचं. दालेंदाने कारखान्याची इमारत मागितली. आजच्या कलावंतांची कामं तिला तिथे मांडायची होती. नगरपालिकेने इमारत दिली आणि इमारतीसोबत मलाही दिलं, दारातून बाहेर निघत नाही म्हणून जुनं कपाट घराबरोबरच देऊन टाकावं तसं. कागदपत्रांवर सही करायला सरकारी माणूस लागतो, म्हणून मी संचालक झालो.

समकालीन कला मी कधी पाहिली नव्हती. बँकेच्या कॅलेंडरवर घोड्यांची चित्रं असायची, तेवढीच माझी कलेशी ओळख. दालेंदाने मला वाचायला चार पुस्तकं दिली. ती मला कळली नाहीत, पण त्यातले काही शब्द फार आवडले. अवकाश, हस्तक्षेप, विधान, संवाद. हे शब्द कुठल्याही क्रमाने बोलले तरी ऐकणारा मान डोलावतो, हा शोध मी पहिल्याच महिन्यात लावला. एका मासिकात पॅरिसच्या कुणा संचालकाचा फोटो होता, त्याच्या गळ्यात काळा स्कार्फ होता. मीही घेतला. जूनमध्ये तो घालून निघालो तेव्हा नेजियाने विचारलं, घसा धरलाय का?

पहिल्या प्रदर्शनात सूसच्या एका तरुणाने छताला बेचाळीस खुर्च्या उलट्या टांगल्या. उद्घाटनाला सकाळच्या बोटीने ट्युनिस आणि स्फॅक्सहून शंभरेक माणसं आली. सगळ्यांचे कपडे काळे, डोळ्यांवर काळे चष्मे. बोलत होती फ्रेंच. ऑक्टोपस घातलेलं कुस्कुस त्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि संध्याकाळच्या बोटीने निघून गेली. गावातून महापौर आले, कारण त्यांना फीत कापायची होती. इमामसाहेब उंबऱ्यापर्यंत आले आणि त्यांना काहीतरी काम आठवलं. बाकी एकटी नेजिया. तिने मान वर करून खुर्च्या पाहिल्या आणि म्हणाली, "ज्याच्या घरच्या आहेत त्याला बसायला काय ठेवलंय?"

मी तिला उलट्या खुर्चीच्या अवकाशाबद्दल पंधरा मिनिटं सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण तिचे डोळे कुस्कुसच्या रिकाम्या परातीवर होते.

त्यानंतर समजावून सांगण्याचं मला व्यसनच लागलं. कोणी आत पाऊल टाकलं की मी त्याच्या बाजूला. ज्याने ते काम केलं त्याला काय म्हणायचंय, हे विचारायची मला कधी गरज वाटली नाही. एकदा अलेप्पोच्या एका बाईंच्या कापडाच्या कामाबद्दल मी पाहुण्यांना सांगत होतो आणि त्या बाई मागेच उभ्या होत्या. नंतर त्या दालेंदाला म्हणाल्या, माझ्या कामाबद्दल इतकं वाईट मी स्वतःसुद्धा कधी बोलले नव्हते. दालेंदाने हे मला पाच वर्षांनी सांगितलं. बिचारी तेवढी सोशिक.

पण गाव येत नव्हतं. एक प्रदर्शन झालं, दहा झाली, बोटीने लोक यायचे, बोटीने जायचे, आणि बिर नखल्याचा माणूस आमच्या दारावरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जायचा. यावर माझं मत तयार होतं, आणि मी ते रोज संध्याकाळी कॉफीच्या दुकानात पत्ते खेळताना मांडायचो. गाव अडाणी आहे. मासळीपलीकडे यांना काही दिसत नाही. समकालीन कलेला तयारीचा डोळा लागतो. माझ्या समोर बसलेले चौघे पत्ते हातात धरून हे ऐकायचे आणि एकमेकांकडे पाहायचे. मला वाटायचं, वरमले.

सांस्कृतिक खात्याला दर सहा महिन्यांनी अहवाल पाठवावा लागायचा. त्यात 'स्थानिक प्रेक्षक' असा रकाना होता. तिथे मी विजेचं मीटर वाचणाऱ्याला मोजायचो, टपालवाल्याला मोजायचो आणि नेजिया जेवणाचा डबा घेऊन आली की तिला प्रत्येक वेळी नव्याने मोजायचो. एका उन्हाळ्यात सावली पाहून एक बकरी आत शिरली होती. बकरीला मी मोजलं नाही, एवढा प्रामाणिकपणा माझ्यात होता. तिला हाकलायला आलेल्या तिच्या मालकिणीला मोजलं.

२०१७च्या शरदात खात्याचं पत्र आलं. वसंतात एक अधिकारी पाहणीला येणार होते. गावाला या घराचा उपयोग दिसला नाही तर इमारत मच्छीमार खात्याच्या गोदामासाठी परत घेतली जाईल, असं सरळ लिहिलं होतं. माझ्या आकड्यांवर कोणाचा विश्वास बसलेला दिसला नाही. दालेंदाने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, घरोघरी जाऊन विचारू या, तुम्ही का येत नाही म्हणून. मी स्कार्फ ठीक केला आणि तिच्याबरोबर निघालो.

दोन दिवसांत आम्ही चौदा घरं केली. प्रत्येक घरात पुदिन्याचा चहा मिळाला, भाजलेले बदाम मिळाले, हेडमास्तरांच्या आठवणी निघाल्या, तू किती वाळलीस म्हणून दालेंदाला रागावून झालं. मग ती तो प्रश्न विचारायची. मग घरातलं माणूस आधी माझ्याकडे बघायचं, मग हातातल्या पेल्याकडे, आणि म्हणायचं, येऊ की, वेळच होत नाही बघ. ती नजर मी ओळखली होती. संचालकासमोर माणूस दबून जातो, तशी ती होती. तसं मी परत येताना दालेंदाला सांगितलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "लामजदसाहेब, आज तुम्ही थांबा. मी एकटीच जाऊन येते."

ती परत आली आणि सरळ घरी गेली. दोन दिवसांनी सकाळी माझ्या समोर खुर्ची ओढून बसली आणि विचारलं, मब्रूका मावशींचे यजमान गेले तेव्हा काय झालं होतं?

मी म्हणालो, ख्मायेस ना? हृदय. नव्व्याण्णवचा ऑगस्ट.

"आणि बर्फाचं काय?"

"त्या दिवशी बर्फ नव्हता," मी म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की माझं मलाच ऐकू आलं. दालेंदाने मान हलवली आणि उठून गेली.

आता काय झालं होतं ते सांगतो. ख्मायेस हा आमच्या बेटावरचा सापळे विणणारा सगळ्यांत हुशार माणूस. खजुराच्या पानांच्या शिरांचे, पोट फुगलेल्या घागरीसारखे सापळे असतात ते. मासा आत जातो, त्याला बाहेर यायची वाट सापडत नाही. त्या ऑगस्टमध्ये वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता आणि पहाटे ख्मायेस झोपेतच गेला. एकुलता मुलगा मुंजी तिकडे सिसिलीत होडीवर कामाला. फोन लागला. तो म्हणाला, उद्या दुपारच्या बोटीने पोचतो, तोवर थांबा. आमच्यात मयत थांबवत नाहीत, पण मब्रूकाने इमामसाहेबांची परवानगी काढली. बेटावर शवागार नव्हतं. तेव्हा ख्मायेसचा भाऊ आणि दोन शेजारी हातगाडी घेऊन कारखान्यावर आले. चार लाद्या हव्या होत्या.

नियम असा होता की मच्छीमार कार्यालयाची चिठ्ठी असलेल्या होडीलाच बर्फ द्यायचा. त्याच्या आदल्याच आठवड्यात एका लग्नातल्या सरबताला मी बर्फ दिला म्हणून वरून मला कडक पत्र आलं होतं, आणि मी ठरवलं होतं की आता चिठ्ठीशिवाय प्रत्यक्ष बापाला देणार नाही. हे मी त्या तिघांना सांगू शकत होतो. सांगितलं असतं तर ते भांडले असते, इमामसाहेबांना घेऊन आले असते आणि मी मुकाट्याने बर्फ दिला असता, कारण मी काही तेवढा पक्का माणूस नव्हे. पण उकडत होतं, आणि मला वाद नको होता. मी म्हणालो, यंत्र बंद आहे, बर्फ नाही. माझ्या पाठीमागच्या खोलीत अडतीस लाद्या होत्या.

ते रिकामी हातगाडी घेऊन गेले. दुपार कलल्यावर असरच्या नमाजानंतर ख्मायेसला दफन केलं. जनाज्याला मी गेलो होतो. खांदाही दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मुंजी बोटीतून उतरला तेव्हा त्याला बघायला फक्त ओली माती होती. वारा आणखी दोन दिवस राहिला, एकही होडी निघाली नाही, वीजही गेली आणि त्या अडतीस लाद्या कोणाच्याच उपयोगी न पडता वितळल्या. हे मी सोडून कोणालाही ठाऊक नाही, असं मी अठरा वर्षं धरून चाललो होतो. खरं सांगायचं तर पुढे पुढे मलाही ते ठाऊक नसल्यासारखं झालं होतं.

त्या दुपारी जेवताना मी नेजियाला म्हणालो, दालेंदा काहीतरी जुनं उकरून काढतेय. नेजियाने माझ्या पुढ्यात पाव ठेवला.

"तिला काय सांगितलंस?"

"बर्फ नव्हता म्हणून सांगितलं."

तिने माझं अर्धं जेवलेलं ताट उचललं. मग म्हणाली, "मब्रूकाकडे जा. आणि ते गळ्यातलं फडकं काढून जा."

मी गेलो. स्कार्फ खिशात घातला होता. टाकून द्यायचं धैर्य झालं नाही. मब्रूका मावशी तेव्हा पंचाहत्तरीच्या होत्या. अंगणातल्या दगडावर ऑक्टोपस आपटत बसल्या होत्या, मऊ व्हावा म्हणून. मी वाटेत भाषण तयार केलं होतं. कलाघर आणि गाव यांच्यातला संवाद, काळाचा हस्तक्षेप, असं काहीबाही. सुरुवातही केली. त्या आपटत राहिल्या. माझं वाक्य लांबलं तशा त्या जोरात आपटायला लागल्या, आणि शेवटी मी थांबलो तेव्हा त्याही थांबल्या.

"लामजद, बर्फ होता की नव्हता?"

"होता."

"किती?"

"अडतीस लाद्या."

"मला वाटलं चाळीस असतील," त्या म्हणाल्या. "दोन दिवस पाणी वाहत होतं. तुझ्या दाराखालून निघायचं आणि या गटारातून, या इथून, समुद्राकडे जायचं. आम्ही बायका इथे रडायला बसलो होतो. सगळ्यांनी पाहिलं."

मी त्या गटाराकडे पाहिलं. कोरडं होतं, त्यात एक चप्पल पडली होती. अठरा वर्षं मी गावातून ताठ मानेने फिरलो. पत्ते खेळताना गावाच्या अडाणीपणावर बोललो. आणि माझ्या समोर बसलेल्या प्रत्येक माणसाने ते पाणी पाहिलं होतं.

"मग मला कधी बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तू बोलशील म्हणून थांबले. एवढी वर्षं लावशील असं वाटलं नव्हतं."

इथे मी रडलो, असं सांगायला मला आवडलं असतं. प्रसंगाला ते शोभलंही असतं. पण मला उचकी लागली. थांबेचना. माफी मागायला तोंड उघडलं की उचकी. मावशी आत गेल्या आणि पाण्याचा पेला घेऊन आल्या. "घे, थंड आहे. फ्रिजमधलं आहे," त्या म्हणाल्या. तो टोमणा होता की नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी पाणी प्यालो. मग माफी मागितली, साध्या चार शब्दांत, कारण बाकीचे शब्द उचकीत गेले होते. त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही. म्हणाल्या, मला ती खोली बघायची आहे, गुरुवारी येते. आणि एक अट घातली. मी आल्यावर तू मला काही समजावून सांगायचं नाहीस.

घरी येऊन मी दालेंदाला फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. ती एवढंच म्हणाली की गुरुवारी दार जरा लवकर उघडा.

गुरुवारी मब्रूका मावशी आल्या, बरोबर सात-आठ बायका. मोठ्या दालनात तेव्हा ओरानच्या एका फोटोग्राफरचे मिठागरांचे फोटो लावले होते. बायका त्यांच्याकडे न बघता सरळ मागे गेल्या. थंड खोली मी कार्यालय म्हणून वापरत होतो. म्हणजे तिथे एक टेबल होतं आणि दुपारी पडायला एक गादी. गादी उचलायला मी विसरलो होतो. मावशींनी गादी पाहिली, ती पायाने बाजूला सारली आणि भिंतीवर तळहात टेकला. मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावलं मोजत गेल्या.

"इथे तो मावला असता," त्या म्हणाल्या.

माझ्या ओठांवर एक वाक्य आलं होतं, त्यात अवकाश हा शब्द होता. ते मी गिळलं. संचालक म्हणून मी केलेलं ते पहिलं चांगलं काम.

मग त्या दालेंदाकडे वळल्या आणि विचारलं, तुम्ही लोक या खोलीत काही टांगता का? दालेंदा म्हणाली, तुम्ही सांगाल ते टांगू. मावशींच्या माळ्यावर ख्मायेसच्या हातचे एकतीस सापळे पडून होते. उंदीर कुरतडत होते. मुंजी बापाच्या दफनानंतर तीनदाच आला होता आणि तिन्ही वेळा दोन दिवसांत परत गेला होता. घरात बसवत नाही, म्हणायचा. येत्या ऑगस्टला तो येणार होता. त्याला ते सगळे एकत्र बघता आले तर बरं, असं त्या म्हणाल्या. कलेचं नाव कोणीच काढलं नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही सापळे टांगले. मी शिडी धरायचो. एकतिसावा सापळा अर्धवट होता, तो ख्मायेस गेला त्या आठवड्यात विणायला घेतलेला. तो मधोमध लावला. हे काम चालू असतानाच गाव आत यायला लागलं. आधी ख्मायेसचा भाऊ आला, कुठला सापळा कुठल्या सालातला ते सांगायला. मग ते साल चुकीचं आहे हे सांगायला दुसरा आला. मग गाठ कशी मारतात यावरून तिघांचं जुंपलं, त्यांनी टांगलेले दोन सापळे खाली उतरवले आणि जमिनीवर बसून ते उलगडून दाखवायला लागले. दालेंदाने त्यांना थांबवलं नाही. कॉफीच्या दुकानातले माझे चौघे पत्तेवालेही आले. त्यांतला एक जाता जाता मला म्हणाला, "काय संचालक, आमचा डोळा तयार झाला का?" मी म्हणालो, माझाच झाला नव्हता. तेवढ्यावर त्याने सोडून दिलं. पुढे महिनाभर मात्र पत्ते वाटताना प्रत्येक जण मला डोळा तपासून घ्यायचा सल्ला देत होता.

मार्चमध्ये अधिकारी आले. सुटाबुटातले, घाम पुसणारे, बोटीने पोट ढवळलेले. आत दीडशे माणूस होतं आणि सगळे एकाच वेळी बोलत होते. त्यांनी मला विचारलं, या मांडणीबद्दल जरा सांगाल का? आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो प्रश्न समोर उभा होता आणि मब्रूका मावशी दोन पावलांवर होत्या. मी म्हणालो, मला यातलं काही कळत नाही, यांना विचारा. मावशींनी त्या माणसाचं मनगट धरलं आणि त्याला सापळ्यासापळ्यापाशी नेलं. हा चांगला जमलाय. हा घाईत केलाय, त्या वर्षी लग्न होतं ना आमचं. याच्या तोंडाशी बघ, इथे त्याचा हात थरथरायला लागला होता. अधिकाऱ्यांनी वहीत बरंच लिहून घेतलं. दोन महिन्यांनी पत्र आलं की घर तूर्त चालू ठेवावं. ते तूर्त अजून चालू आहे.

ऑगस्टमध्ये मुंजी आला. पन्नाशीकडे झुकलेला, बापासारखाच रुंद. मला त्याने सलाम केला नाही. थंड खोलीत तो तासभर एकटा होता. मी दाराबाहेर उभा होतो, कारण निघून जाणं बरं दिसलं नसतं आणि आत जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. मग त्याने आतून विचारलं, "त्यांना अंघोळ कोणी घातली?"

हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने कोणाला विचारलं नव्हतं आणि घरच्यांनी विषय काढला नव्हता. मी आत गेलो आणि मला ठाऊक होतं ते सगळं सांगितलं. अंघोळ भावाने आणि इमामसाहेबांनी घातली. चेहरा शांत होता, डाव्या बाजूची मिशी थोडी जास्त कापलेली होती, आदल्याच दिवशी न्हाव्याने घाई केली म्हणून. कफन शेजारच्या घरातून आलं. कब्रस्तानापर्यंत वारा तोंडावर होता, माणसं डोळे मिटून चालत होती. कुठेही मी एक शब्द वाढवला नाही. वाढवायची सवय होती म्हणून दर वाक्यानंतर थांबून तपासत होतो.

"खांदा कोणी दिला?"

मी पाच नावं सांगितली. मग म्हणालो, "आणि मी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मारतो की काय असं वाटलं, आणि मारलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. पण तो पुन्हा त्या अर्धवट सापळ्याकडे वळला. म्हणाला, हा नीट बांधलेला नाही, पडेल. शिडी आहे का? मी शिडी आणली आणि धरून उभा राहिलो. त्याने गाठ सोडली, नव्याने बांधली, खाली उतरला आणि गेला. त्या वेळी तो आईकडे पंधरा दिवस राहिला. माझ्याशी पुन्हा बोलला नाही. पुढच्या वर्षी बायकोमुलांना घेऊन आला तेव्हा दारात मला पाहून मुलांना म्हणाला, हे इथे काम करतात. मला ते पुरेसं वाटलं. जास्तच वाटलं.

तेव्हापासून पाहुण्यांना समजावून सांगण्याचं काम मब्रूका मावशींकडे आहे. त्यांना फ्रेंच येत नाही, वाचता येत नाही, आणि कलावंत त्यांना टरकून असतात. मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. तरी सकाळी आठला जातो, कारण घरी बसलो तर नेजियाला त्रास होतो असं तीच म्हणते. स्कार्फचं तिने ओट्याचं पुसणं केलंय.

मागच्या महिन्यात तोझूरच्या एका मुलीने मोठ्या दालनभर वाळू पसरली. मावशींनी ती चिमटीत घेतली, चोळली आणि सांगितलं की ही बांधकामाची वाळू आहे, हिच्यात माती आहे, हे काही खरं नाही. मुलगी रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी गावातली दहा माणसं उत्तरेच्या किनाऱ्यावरून गाढवगाड्या भरून बारीक पांढरी वाळू घेऊन आली. मीही दोन पोती उचलली आणि कंबर धरली. संध्याकाळी नेजिया ऑलिव्हचं तेल गरम करून माझी पाठ चोळत होती.

"त्या वाळूचा अर्थ काय आहे म्हणे?" तिने विचारलं.

"काही कल्पना नाही."

"बरं," ती म्हणाली, "जरा पलीकडे सरक, इथे हात पोचत नाही."